रूट आणि मॉड्यूल : सिंगल पेज ॲपचा नकाशा कसा आखायचा

मागच्या भागात आपण कंपोनंट कसा तयार करायचा ते पाहिलं. आज पन्नास-साठ कंपोनंट झाल्यावर ते कसे मांडायचे ते पाहू. विषय जरा रुक्ष आहे, पण ॲप दुसऱ्याच्या हाती गेल्यावर टिकणार की नाही, ते याच मांडणीवर ठरतं.

मी सैन्याच्या सिग्नल्स कोअरमधून निवृत्त झालो आणि आता इंदूरला राहतो. इथल्या माजी सैनिकांच्या एका मंडळासाठी आम्ही चौघे मिळून एक ॲप सांभाळतो. आज उदाहरण त्याचंच घेऊ. त्यात पाच विभाग आहेत: नोंदणी, निवृत्तिवेतन, वैद्यकीय मदत, मुलांची शिष्यवृत्ती आणि कार्यालयीन कामकाज. वापरणारे बहुतेक जण माळव्यातल्या खेड्यांत राहतात. त्यांत वीरपत्नी आहेत, सत्तरीचे सुभेदार आहेत. फोन साधे आणि नेटवर्क कधी आहे, कधी नाही. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे पुढचा प्रत्येक नियम कशासाठी आहे ते कळेल.

आधी मूळ कल्पना. जुन्या पद्धतीच्या साइटवर प्रत्येक क्लिकला सर्व्हर नवं पान पाठवतो. सिंगल पेज ॲपमध्ये पान एकदाच येतं. नाटकात रंगमंच तोच राहतो आणि प्रवेशागणिक नेपथ्य बदलतं, तसंच इथे आहे. नेपथ्य बदलण्याचं काम राउटर करतो. ब्राउझरमधला पत्ता वाचून तो ठरवतो की आता कोणता कंपोनंट दाखवायचा. 'हा पत्ता आला तर हा कंपोनंट' अशी एक ओळ म्हणजे एक रूट. अशा ओळींचा तक्ता हाच ॲपचा नकाशा.

आम्ही अँग्युलर वापरतो, म्हणून त्याचे नियम सांगतो. अँग्युलरचा राउटर तक्ता वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ घेतो. समजा, वर 'पेन्शन/:आयडी' आहे आणि खाली 'पेन्शन/न्यू'. नवा अर्ज भरायला गेलेल्या माणसाला वरची ओळ अडवते, कारण राउटर 'न्यू' हाच कोणाचा तरी क्रमांक समजतो. म्हणून नेमका पत्ता आधी, मोघम पत्ता नंतर. कशालाही जुळणारी दोन फुल्यांची ओळ सगळ्यात शेवटी. रिॲक्ट राउटरची सहावी आवृत्ती जास्त नेमका मार्ग स्वतःच निवडते, तिथे क्रमाची एवढी काळजी करावी लागत नाही. तुमची चौकट कोणता नियम पाळते, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

आता मॉड्यूल. नवशिके बहुधा फाइलींच्या प्रकारानुसार फोल्डर करतात: सगळे कंपोनंट एकीकडे, सगळ्या सर्व्हिस दुसरीकडे. दहा फाइली असतात तोवर हे छान दिसतं. दोनशे झाल्या की शिष्यवृत्तीच्या अर्जातली एक तारीख बदलायला पाच फोल्डर धुंडाळावे लागतात. सैन्यात एखादी तुकडी गस्तीवर निघते तेव्हा तिचा वायरलेसवाला आणि नर्सिंग असिस्टंट तिच्याबरोबरच चालतात, वेगळ्या तळावर बसून राहत नाहीत. ॲपची विभागणीही तशीच, कामगिरीनुसार करा. शिष्यवृत्तीचे कंपोनंट, तिची सर्व्हिस आणि तिचा रूटचा तक्ता एकाच फोल्डरमध्ये असू द्या.

मग मुख्य तक्त्यात विभागागणिक एकच ओळ उरते. ती म्हणते, 'शिष्यवृत्तीचा पत्ता आला की पुढचं त्या विभागाला विचारा.' अँग्युलरमध्ये ही सोय 'लोड चिल्ड्रन' या नावाने आहे. तिचा दुसरा फायदा मोठा आहे. त्या विभागाचा कोड गरज पडेल तेव्हाच उतरतो. यालाच लेझी लोडिंग म्हणतात. कार्यालयाच्या विभागात आलेख आहेत, अहवाल छापायची सोय आहे, आणि हा सगळा कोड वजनदार आहे. फक्त आपलं निवृत्तिवेतन पाहायला आलेल्या आजींच्या फोनवर तो का उतरावा? त्यांचा डेटा आणि त्यांचा वेळ दोन्ही मोजके आहेत.

इथे एक जागा नीट समजून घ्या. बटणं, तारखेची मांडणी अशा सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी आपण 'शेअर्ड' मॉड्यूलमध्ये ठेवतो. त्यातच लॉगिनची सर्व्हिस नोंदवली, तर लेझी पद्धतीने उतरणारा प्रत्येक विभाग तिची स्वतःची प्रत तयार करतो. मग माणूस एका विभागात लॉगिन असतो आणि दुसऱ्या विभागात अनोळखी ठरतो. म्हणून शेअर्डमध्ये फक्त दिसणाऱ्या वस्तू ठेवा. ज्या सर्व्हिसला काही लक्षात ठेवायचं असतं, ती संपूर्ण ॲपच्या पातळीवर एकदाच नोंदवा.

अँग्युलरच्या चौदाव्या आवृत्तीत, २०२२ साली, मॉड्यूलशिवाय चालणारे स्टँडअलोन कंपोनंट आले. २०२३ च्या सतराव्या आवृत्तीपासून नवा प्रकल्प मुळातच त्या पद्धतीने सुरू होतो. म्हणून काही जण विचारतात, आता मॉड्यूलचा विचार कशाला करायचा? मॉड्यूल नावाची फाइल गेली असेल, पण विभागांच्या सीमा आपल्यालाच आखाव्या लागतात. आता त्या फोल्डर आणि रूटच्या फाइलीतून दिसतात, इतकाच फरक.

पुढचा मुद्दा गार्डचा. नावामुळे आमच्यासारख्या माणसाला हा शब्द लगेच जवळचा वाटतो, पण इथला गार्ड दाराशी उभा असलेला संत्री नव्हे. 'कॅन ॲक्टिव्हेट' हा गार्ड विनापरवाना माणसाला कार्यालयाच्या पानावर जाऊ देत नाही, हे खरं. पण तो चालतो त्या माणसाच्याच ब्राउझरमध्ये, आणि आपल्या यंत्रावर आलेला कोड ज्याला बदलता येतो तो गार्डलाही बाजूला सारू शकतो. गार्ड ही रस्त्यावरची पाटी आहे, कुलूप सर्व्हरवरच लागतं. कोणाचाही बँक खाते क्रमांक देण्याआधी सर्व्हरने प्रत्येक विनंतीला विचारलं पाहिजे: तू कोण, आणि हे पाहायचा तुला अधिकार आहे का?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची लिंक व्हॉट्सॲपवर फिरते. एखादी आई तिच्यावर बोट ठेवते. सर्व्हरवर त्या नावाची फाइल नसते, कारण तो पत्ता फक्त राउटरला माहीत असतो. सर्व्हरला तसं सांगून ठेवलं नसेल, तर तो '४०४, पान सापडलं नाही' असं उत्तर देतो. आपल्यासाठी ती एक तांत्रिक चूक. ती बाई मात्र समजते की योजना बंद झाली, आणि मुदत निघून जाते. उपाय सोपा आहे. अनोळखी पत्ता आला तर मुख्य पानच पाठव, असं सर्व्हरला सांगा. यातून चित्रं, कोडच्या फाइली आणि एपीआय यांचे पत्ते मात्र वगळा. तिथे खरी चूक झाली असेल तर ती चूक म्हणूनच दिसली पाहिजे.

याच कारणाने एकदा लोकांना दिलेला पत्ता सहजी बदलू नका. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी ओळ तक्त्यात ठेवा. कोणाच्या तरी फोनमध्ये जुना पत्ता जपून ठेवलेला असतो.

सैन्यात दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची आणि येणाऱ्या अधिकाऱ्याला कार्यभार लेखी सोपवावा लागायचा. कागद नीट असले तर नवा माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागे. ॲपलाही हीच कसोटी लावा. प्रकल्प कधीही न पाहिलेल्या एखाद्याला फक्त मुख्य तक्ता दाखवा आणि विचारा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे आहे? दोन फाइली उघडून तो तिथे पोहोचला तर तुमची मांडणी बरोबर आहे. चार फाइलींनंतरही तो तुम्हालाच विचारत असेल, तर विभाग पुन्हा आखा.

पुढच्या भागापर्यंत एक काम करा. आपल्या ॲपचे सगळे पत्ते कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या विभागाचा आहे ते लिहा. ज्या पत्त्यापुढे दोन विभागांची नावं येतील, तिथूनच आपण पुढच्या वेळी सुरुवात करू.