मोटारसायकलचें हँडल आणि त्याखालचे रबरी बुश

मोटारसायकलवरून तास-दोन तास सलग प्रवास करून उतरलेला मनुष्य पुष्कळदां प्रथम आपलीं बोटें चोळूं लागतो. तळहातांना मुंग्या आलेल्या असतात. खिशांतून किल्ली काढतांना बोटें परक्याचीं असावींत असें वाटतें. रस्ता गुळगुळीत असूनहि असें कां व्हावें? बहुतेक लोक वयाला किंवा थकव्याला दोष देऊन मोकळे होतात. परंतु कित्येक गाड्यांत खरा दोष हँडलाच्या मुळाशीं दडलेल्या रबराच्या चार लहान तुकड्यांत असतो. कारागीर त्यांना ‘बुश’ म्हणतात.

कंप उत्पन्न होतो तो मुख्यतः एंजिनांत. दट्ट्या नळकांड्यांत वरखालीं धावतो आणि प्रत्येक टोकाला थांबून त्याला उलट परतावें लागतें. या थांबण्या-परतण्याचा झटका साऱ्या गाडीला बसतो. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर गाडी सेकंदाला ५० वेळां थरथरते. फेरे दुप्पट झाले कीं झटक्याचा जोर दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. कारखान्यांत प्रतिभार बसवून हा जोर कमी करतात. पण एकाच दट्ट्याच्या एंजिनांत केवळ प्रतिभारानें तो समूळ नाहींसा होत नाहीं. वरखालीं होणारा जोर घटवावा, तर मागेंपुढें होणारा वाढतो.

अमेरिकेंतील मिलवॉकी येथें १९०३ सालीं सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या गाड्या हें कंपाचें प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या नांवाजलेल्या एंजिनांत दोन नळकांडीं परस्परांशीं ४५ अंशांचा कोन करून उभीं असतात आणि दोन्ही दट्ट्यांचे दांडे एकाच खुंटीवर जोडलेले असतात. त्यामुळें स्फोट समान अंतरानें होत नाहींत. एक अंतर ३१५ अंशांचें, तर दुसरें ४०५ अंशांचें. त्या गाडीचा लौकिक झालेला आवाज यांतूनच निघतो. कंपनीनें १९८० सालच्या टूर ग्लाइड गाडींत एंजिन रबरावर बसविलें, आणि २००० सालच्या कांहीं गाड्यांत तोल साधणारे फिरते दांडे एंजिनांतच घातले. तरीहि हँडलाखालीं रबर ठेवण्याची पद्धत तिच्या पुष्कळ गाड्यांत टिकून राहिली.

ही रचना साधी आहे. पुढच्या दोन्ही फोर्कांना वरच्या अंगास जोडणारी एक जाड धातूची पट्टी असते. तिला हँडलासाठीं दोन भोकें असतात. प्रत्येक भोकांत एक बुश वरून व एक खालून बसतो. त्यांच्या पोटांतून एक पोलादी नळी आणि नळींतून लांब बोल्ट जातो. तो हँडलाचा खांब धरून ठेवतो. अशा रीतीनें खांब व पट्टी यांच्यामध्यें सर्व बाजूंनीं रबर येतें आणि धातू धातूला लागत नाहीं.

रबर कंप गिळून टाकतें असें म्हणतात, तें अर्धेंच खरें आहे. रबरावर बसविलेल्या प्रत्येक वस्तूला झुलण्याची स्वतःची एक गति असते. येणारे झटके त्या गतीच्या सुमारें दीडपटीहून जलद असतील, तर ते वर फारसे पोहोंचत नाहींत. झटके त्या गतीशीं जुळले, तर मात्र कंप उलट वाढतो. रबर जितकें मऊ, तितकी ही गति मंद आणि हातांना विसांवा अधिक. परंतु फार मऊ रबरावर हँडल डोलूं लागतें, आणि वळणावर चालकाची आज्ञा चाकापर्यंत उशिरां पोहोंचते. म्हणजे बुशाला दोन कामें करावीं लागतात : कंप अडवावयाचा आणि हँडल घट्ट धरावयाचें. या दोहोंच्या तडजोडींतूनच त्याचा मऊपणा ठरतो.

झिजलेला बुश या दोन्ही कामांस मुकतो. ऊन, हवेंतील ओझोन आणि वर्षानुवर्षांचा दाब यांनीं रबर कडक होतें व त्याला चिरा पडतात. तेलाचा संसर्ग झाला तर नैसर्गिक रबर फुगून पिचपिचीत होतें. कडक बुश कंप वर जाऊं देतो, फाटलेला बुश हँडलाला हलूं देतो. आणि रबर पुरतें चेपलें म्हणजे धातूला धातू भिडून हँडल खडखडूं लागतें.

ही गोष्ट केवळ सुखसोयीची नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत बेडफर्ड येथें हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनीं चुनखडीचा दगड घडविणाऱ्या कामगारांचीं बोटें थंडींत पांढरीं व बधिर पडत. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनीं १९१८ सालीं त्यांची तपासणी केली आणि या विकाराचा संबंध हत्याराच्या कंपाशीं जोडला. अधूनमधून प्रवास करणाऱ्या चालकाच्या मुंग्या म्हणजे तो विकार नव्हे; त्या बहुधा थोड्या वेळांत जातात. पण ज्याचा दिवसच गाडीवर जातो, त्यानें त्यांच्याकडे दुर्लक्ष करूं नये, आणि बोटें पांढरीं पडूं लागल्यास वैद्याला दाखवावें. शिवाय बधिर बोटांनीं ब्रेक दाबणें हें त्या क्षणींच धोक्याचें असतें.

दोष बुशाचाच आहे हें कसें ओळखावें? गाडी स्थिर उभी करून हँडल दोन्ही हातांनीं पुढें ढकलावें व मागें ओढावें. फोर्क जागच्या जागीं राहून हँडलाचे खांबच हलले, तर प्रथम बोल्ट कसलेले आहेत ना तें पाहावें. ते घट्ट असूनहि खांब हलत असतील, तर बुश गेले असें समजावें. त्याउलट, पुढचें चाक उचलून फोर्कांचीं खालचीं टोकें मागेंपुढें ओढतांना खेळ जाणवला, तर दोष बहुधा कोनसेटचा असतो आणि तो अधिक गंभीर होय. ठराविक वेगालाच येणारी थरथर चाकाच्या तोलामुळेंहि असूं शकते. निदान चुकलें, तर नवा बुश घालूनहि गुण येत नाहीं.

बदलण्याचें काम घाईचें नव्हे. गाडी सरळ व पक्की उभी करावी, पेट्रोलच्या टांकीवर जाड कापड घालावें, आणि क्लचच्या तारेला किंवा ब्रेकच्या नळीला ताण पडणार नाहीं अशा बेतानें हँडलाला आधार द्यावा. बोल्ट काढतांना वॉशर व नळी यांचा क्रम लिहून ठेवावा. जुनें रबर काढून भोंक स्वच्छ पुसावें. नवा बुश जाईना, तर साबणाचें पाणी लावावें. तेल वा ग्रीस कदापि लावूं नये. चारहि बुश एकदमच बदलावे, कारण एक बाजू नवी व एक जुनी राहिली तर हँडल एकीकडे झुकतें. बोल्ट आधीं हातानें फिरवून, हँडल सरळ झाल्यावर, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानेंच कसावे. रबरांतून वीज जात नाहीं, म्हणून कांहीं गाड्यांत खांबाला अर्थिंगची तार जोडलेली असते. ती विसरल्यास हँडलावरच्या बटणांचें काम बिघडतें. शेवटीं हँडल दोन्हीकडे पुरतें वळवून कोणतीहि तार ताणली जात नाहीं हें पाहावें, मगच जवळपास सावकाश फेरी मारावी.

रबराऐवजीं पॉलियुरेथेनचे कडक बुशहि बाजारांत मिळतात. ते दीर्घकाळ टिकतात आणि हँडल अधिक घट्ट धरतात. परंतु त्यांच्यांतून कंप हातापर्यंत अधिक येतो. ज्याचें गाऱ्हाणें हँडल डोलण्याचें आहे त्याला ते उपयोगी पडतील. ज्याचें गाऱ्हाणें मुंग्यांचें आहे त्यानें साधें रबरच घ्यावें.

गाडी झळकावयाची म्हणून लोक रंगावर व दिव्यांवर सढळ हातानें खर्च करतात. हे चार तुकडे मात्र पट्टीच्या आड दडलेले असल्यामुळें फाटेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, हँडल धरून मागेंपुढें ओढून पाहाण्यास अर्धें मिनिट पुरतें. तेवढें केलें, तर घरीं परतलेल्या माणसाला दाराच्या कुलपांत किल्ली घालतांना बोटें चोळीत उभें राहावें लागणार नाहीं.