काल दिसला नव्हता

पाडव्याच्या दोन दिवस आधीची रात्र, २८ मार्च २०२५.

संध्याकाळी साडेपाच. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात पत्र्याची एक खोली आहे. तिचं सरकतं छप्पर उघडतो आणि वहीत नवा ज्युलियन दिनांक लिहितो : २४६०७६३. हा दिनांक ग्रीनिचच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे साडेपाचला. त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात मावते. मला याचं रोज नव्याने बरं वाटतं.

आठ. अंधार पुरता पडलाय, अमावस्या उद्यावर आलीय. अकरा इंची दुर्बीण हवेशी जुळलीय. आजच्या यादीत साठ दीर्घिका. प्रत्येकीचे एकेक मिनिटाचे तीन फोटो घ्यायचे, जुन्या फोटोवर ठेवून आलटूनपालटून बघायचे आणि नवा ठिपका शोधायचा. दहाच्या सुमारास एम ८२. जानेवारी २०१४ मध्ये लंडनमध्ये विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवता शिकवता एका शिक्षकांना याच दीर्घिकेत सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला होता. आज काही नाही. वहीत नोंद : ‘अठराव्या प्रतीपर्यंत काही नाही.’ प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जेवढा मोठा, तेवढा तारा अंधुक.

साडेबारा. कन्या राशीतली एम ६१ डोक्याजवळ आलीय. १९२६ पासून हिच्यात आठ सुपरनोव्हा नोंदले गेलेत, म्हणून हिच्यावर माझा जीव जरा जास्तच. आणि आज तिच्या बाहूच्या कडेला, जुन्या फोटोत नसलेला, सोळाव्या प्रतीचा इवलासा ठिपका.

छातीत धडधडतं. पण हात आवरायचा. कॅमेऱ्याचा बिघडलेला पिक्सेल असेल, म्हणून दुर्बीण थोडी हलवून पुन्हा फोटो घेतो. ठिपका ताऱ्यांबरोबरच सरकला, म्हणजे प्रकाश आकाशातलाच. आता लघुग्रह. कन्या राशीतून क्रांतिवृत्त जातं, इथे लघुग्रहांची वर्दळ असते. वीस मिनिटं थांबतो.

तेवढ्यात बांधावरून तात्या येतात. रात्रीची थ्री फेज लाईट आलीय, उसाला पाणी धरायचंय. माझ्यासाठी बॅटरीच्या काचेवर हात धरूनच ते चालतात. बोटांच्या फटींतून लाल उजेड झिरपतो.

“काय मास्तर, आज तरी काय फुटलं का?”

“बघतोय तात्या. जरा थांबा.”

दुसरा फोटो येतो. ठिपका दहा पिक्सेल पश्चिमेला. लघुग्रहच. नोंदीच्या नकाशात शोधला, तर जुना, क्रमांक मिळालेला निघाला.

“नाही तात्या, दगड निघाला.”

“मग ह्यो बी लिहा की,” म्हणत ते व्हॉल्व्हकडे जातात.

लिहितोच. काही वर्षांपूर्वी मी ही वीस मिनिटं थांबलो नव्हतो. घाईने खबर दिली आणि सकाळी ती मागे घ्यावी लागली. कुणाच्या तरी मोठ्या दुर्बिणीची रात्र माझ्यापायी वाया गेली असती.

खरा सापडला, तर आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर कळवायचं : जागा, वेळ, प्रत. आणि शेवटचा कधी ‘दिसला नव्हता’, तेही. माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना हाच. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकींना एम १०१ मध्ये सुपरनोव्हा सापडला, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी आदल्या रात्रींचे फोटो बाहेर काढले. कुठल्या फोटोत तो नाही आणि कुठल्यात अंधुक आहे, यावरून स्फोटाची वेळ काही तासांच्या आत आली. रिकामे म्हणून ते फोटो कुणी पुसले असते तर?

दोन वाजता ती एम १०१ सुद्धा होते. काही नाही.

साडेतीन. उत्तर मुकुट हा तारकासमूह माथ्यावर. त्यातला टी हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये भडकला होता. आता तो पुन्हा कधीही उजळेल म्हणून सगळे टपून आहेत. भडकला की नुसत्या डोळ्यांना दिसेल, दुसऱ्या प्रतीपर्यंत जाईल. आज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघितला : ९.९. नेहमीसारखाच.

साडेपाच. पूर्वेला फिकट व्हायला लागलंय. साठही नोंदी पुन्हा वाचतो, वेळा जागतिक वेळेत बदलतो, म्हणजे साडेपाच तास वजा. टीची प्रत रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेकडे, आव्हसोकडे पाठवतो. छप्पर ओढताना पलीकडून तात्यांची हाक येते, लाईट गेली. उसाच्या दोन सऱ्या राहिल्यात.