यहेज्केलचा मंदिरदृष्टान्त
हिब्रू बायबलमधील यहेज्केल या ग्रंथाच्या ८ ते ११ या अध्यायांत वर्णिलेला दिव्य दृष्टान्त. गुप्त पापाचे व लपूनछपून चालणाऱ्या मूर्तिपूजेचे हे हिब्रू प्रेषितवाङ्‌मयातील सर्वांत प्रभावी चित्रण होय. यहेज्केल हा याजक इ. स. पू. ५९७ मध्ये यहोयाखीन राजासमवेत बॅबिलोनियात निर्वासित झाला. इ. स. पू. ५९२ मध्ये यहूदाचे वडीलजन त्याच्या घरी समोर बसले असता त्याला हा दृष्टान्त झाला आणि त्यात तो जेरूसलेमच्या मंदिरात नेला गेला.

तेथे त्याला चार अमंगळ कृत्ये क्रमाने दाखविण्यात आली. पहिले, उत्तर दरवाजापाशी उघडपणे उभी असलेली मूर्ती. दुसरे कृत्य मात्र दृष्टीआड होते. भिंतीतील भोक खणून मोठे केल्यावर त्याला एक दार आढळले. आत भिंतींवर सरपटणारे प्राणी, पशू व मूर्ती कोरलेल्या होत्या आणि सत्तर वडीलजन अंधारात धूप जाळीत होते. परमेश्वराने देश सोडला असून तो आपणांस पाहत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांत शाफानाचा पुत्र याजन्या हाही होता. योशीया राजाच्या धर्मसुधारणेत (इ. स. पू. ६२२) शाफान नावाच्याच चिटणिसाचा प्रमुख वाटा होता, याजन्या त्याचाच पुत्र असल्यास या उल्लेखाची धार अधिकच वाढते. तिसरे कृत्य म्हणजे तम्मूज या मेसोपोटेमियन देवतेसाठी स्त्रियांनी केलेला विलाप व चौथे, मंदिराकडे पाठ फिरवून सुमारे पंचवीस पुरुषांनी केलेली सूर्योपासना.

हे वर्णन तत्कालीन वस्तुस्थितीचे आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. येहेज्केल काउफमान यांच्या मते त्यात मनश्शे राजाच्या काळातील पापांची स्मृती आहे.

पुढील अध्यायांत, या कृत्यांबद्दल शोक करणाऱ्यांच्या कपाळी ‘ताव’ या अक्षराची खूण केली जाते व शिक्षेला मंदिरातील वडीलजनांपासूनच प्रारंभ होतो. अखेरीस ईश्वरी तेज मंदिर सोडून नगराच्या पूर्वेकडील डोंगरावर जाते. अशा प्रकारे वडीलजनांच्या समजुतीचा अर्धा भाग खरा ठरतो : ईश्वर मंदिर सोडतो; पण तो पाहत नाही म्हणून नव्हे, तर पाहतो म्हणून. मात्र निर्वासितांना तो परदेशात स्वतःच पवित्रस्थान होतो, असेही ११ व्या अध्यायात सांगितले आहे. इ. स. पू. ५८७–८६ च्या सुमारास मंदिराचा विध्वंस झाला, तेव्हा देवच पराभूत झाला असे न मानण्यास या विचाराने आधार दिला. ४३ व्या अध्यायात हे तेज पूर्वेकडूनच नव्या मंदिरात परत येते.