मेंदूचा प्रमाणसाचा

मेंदूचा प्रमाणसाचा : अनेक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा परस्परांशी जुळवून व त्यांची सरासरी काढून तयार केलेली संदर्भ-प्रतिमा. हिला टेम्प्लेट असेही म्हणतात. प्रत्येक मेंदूचा आकार व घड्यांची ठेवण निराळी असते. त्यामुळे एका मेंदूतील ठिकाण दुसऱ्या मेंदूत कोठे येते, हे ठरविण्यासाठी साचा वापरतात.

बाह्यकाची जाडी : प्रमस्तिष्काचे बाह्यक म्हणजे मोठ्या मेंदूवरील करड्या द्रव्याचा थर होय. त्याची जाडी सामान्यतः १ ते ४·५ मिमी. असते. चुंबकीय अनुस्पंदन (एमआरआय) प्रतिमेत या थराच्या बाहेरील व आतील सीमांमधील अंतरावरून ती काढतात. वयाबरोबर हा थर पातळ होतो; अल्झायमर रोगात काही भागांत तो अधिक वेगाने पातळ होतो. साच्याची निवड चुकल्यास वयोमानाप्रमाणे होणारा बदल रोगजन्य झीज समजला जाण्याचा धोका असतो.

निवडीची तत्त्वे : तालेराख व तूर्नू यांचा १९८८ मधील प्रसिद्ध नकाशा एकाच वृद्ध स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. माँट्रिऑल येथील साचा १५२ तरुण प्रौढांच्या प्रतिमांपासून बनविला गेला. वार्धक्यात मेंदूतील विवरे व खाचा रुंदावतात. असा मेंदू तरुणांच्या साच्याशी जुळविताना अधिक विरूपित करावा लागतो व जुळणीतील चुका वृद्धांच्या गटात वाढतात. याउलट प्रत्येक गटास स्वतंत्र साचा वापरल्यास साच्यांमधील भेदच वयाचा परिणाम म्हणून गणला जातो. म्हणून तुलनेतील सर्व वयोगटांतून सारख्या प्रमाणात प्रतिमा घेऊन एकच साचा करणे किंवा वयोगटांचे साचे एका सामाईक साच्याशी जोडणे इष्ट ठरते. जाडी मात्र व्यक्तीच्या मूळ प्रतिमेवरच मोजावी. साच्याने केवळ ठिकाणांची जुळणी करावी. ही जुळणी घड्यांच्या ठेवणीवरून केल्यास अधिक अचूक होते.

भारतीय साचे : बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेतील (निम्हान्स) संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४६६ प्रतिमांवरून ६ ते ६० वर्षांपर्यंतच्या पाच वयोगटांचे साचे प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य साच्यांपेक्षा त्यांच्याशी भारतीय मेंदू जुळविताना विरूपण कमी होते. तथापि या मालिकेत साठीपुढील वयोगट नसल्याने वृद्धांच्या अभ्यासात ती जपून वापरावी लागते. [→ मेंदू].