जमिनीचा पूर्वेतिहास (११) : आगीच्या विम्याचे नकाशे

फरशीला भोक पाडून तिच्याखालची हवा कशी तपासतात, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण पुण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय. त्यांच्या भाच्याने न्यू जर्सीतल्या एका गावात भर रस्त्यावरची जुनी दुमजली इमारत घ्यायचं ठरवलंय. खाली भेटवस्तूंचं दुकान, वर दोन ऑफिसं. सगळं आतून नव्याने बांधून त्याला तिथे रेस्टॉरंट काढायचंय. बँक म्हणते, आधी फेज वनचा, म्हणजे जागेच्या पूर्वेतिहासाच्या चौकशीचा, अहवाल आणा. बाईंचा प्रश्न असा, की भेटवस्तूंच्या दुकानाने कसलं प्रदूषण होणार, आणि शंभर वर्षांपूर्वीची उठाठेव बँकेला कशाला?

बँकेचं थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुपरफंड कायद्यामुळे जमिनीतली घाण उपसण्याचा खर्च आजच्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो, मग ती घाण त्याने केलेली असो वा नसो. खरेदीआधी रीतसर चौकशी केलेली असेल तर त्याला बचावाला जागा राहते. ही चौकशी किती मागे न्यायची तेही ठरलेलं आहे: जागेवर पहिलं बांधकाम किंवा पहिला वापर झाला तिथवर किंवा १९४० पर्यंत, यांतलं जे आधीचं असेल तिथवर.

आता दुकानाचं. आजचा भाडेकरू कोण, याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा कोण, ते बघायचं. आणि ते सांगायला अमेरिकेत एक विलक्षण साधन आहे. मला ते इतकं आवडतं की आजचा पूर्ण लेख मी त्यावरच खर्च करणार आहे.

डॅनियल सॅनबोर्न नावाचा एक सर्व्हेअर होता. एटना विमा कंपनीसाठी त्याने टेनेसीतल्या काही गावांचे नकाशे काढले आणि १८६७ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःची कंपनी थाटली. अडचण साधी होती. हार्टफर्ड शहरातल्या कचेरीत बसलेल्या विमेवाल्याला दूरच्या गावातल्या दुकानाचा आगीचा विमा उतरवायचाय; इमारत विटांची की लाकडाची, शेजारी भट्टी आहे का, हे त्याला कळावं कसं? सॅनबोर्नची माणसं गावोगाव पायी हिंडली आणि एका इंचाला पन्नास फूट या प्रमाणात त्यांनी घर अन् घर टिपलं. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. जवळजवळ बारा हजार गावं-शहरं झाली. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात या नकाशांचे सुमारे सात लाख ताव आहेत आणि त्यांतले कितीतरी घरबसल्या फुकट पाहता येतात.

आग कुठे लागेल एवढंच त्यांना हवं होतं. पण जे भडकतं तेच बहुधा जमिनीत मुरतं, त्यामुळे त्यांची नोंद नेमकी आमच्या, म्हणजे जमीन तपासणाऱ्यांच्या, कामाची ठरली. एखादा ताव जवळ घेऊन बघा. गुलाबी आयत, आत नुसता इंग्रजी एस, म्हणजे दुकान. डी असेल तर राहतं घर. पुढच्या आयतात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: मोटारदुरुस्ती, इतक्या गाड्यांची जागा, जमीन काँक्रीटची. फुटपाथच्या कडेला टिंबाएवढं वर्तुळ आणि शेजारी जी. टी., म्हणजे गॅसोलीनची टाकी. ती टाकी पुढे कुणी उपसून काढली का, हे नकाशा सांगत नाही. ते तुम्ही जागेवर जाऊन शोधायचं: मागच्या भिंतीला चढलेला, वर काहीच न जोडलेला गंजका पाइप, फुटपाथमधलं छोटं लोखंडी झाकण, किंवा काँक्रीटमधला वेगळ्या रंगाचा चौकोनी तुकडा.

मी सगळ्यात जास्त दचकतो ते 'ड्रायक्लीनिंग' या शब्दाला. आधी हे काम गॅसोलीनसारख्या पेट्रोलियम द्रवांवर चालायचं, पुढे पर्क्लोरोएथिलीन आलं. ते पाण्यापेक्षा दीडपटीहून जड. सांडलं की भूजलाच्या पातळीवर न थांबता आणखी खाली उतरतं, वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि त्याची वाफ फरशीच्या भेगांतून वर दुकानात येते. दुकान बदललं, पाटी बदलली, तरी ती वाफ येतच राहते. भेटवस्तूंच्या दुकानाखाली काय असू शकतं, त्याचं उत्तर हे.

नकाशाच्या मर्यादाही आहेत. काही बदललं की सगळा ताव नव्याने न छापता कंपनी दुरुस्तीचे कागद जुन्या तावावर डकवायला पाठवी. त्यामुळे खालचं चित्र झाकलं जातं आणि म्हणून मिळतील तेवढ्या सगळ्या सालांचे नकाशे मागवावे लागतात. दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात उघडून बंद झालेली लाँड्री तर त्यांत दिसतच नाही. तिला पकडतात शहराच्या वार्षिक डिरेक्टऱ्या. त्यांत घरनंबराप्रमाणे धंदे लावलेले असतात. जोडीला जुने विमानी फोटो. हे सगळं ताडून न पाहता 'जागा स्वच्छ' म्हणणारा अहवाल मी तरी पुरा मानत नाही.

मुंबई-पुण्यात जुनी बाजारपेठेची इमारत पुनर्विकासाला निघते तेव्हा या नकाशांची फार आठवण होते. आपलं प्रॉपर्टी कार्ड मालक आणि क्षेत्र सांगतं. मागच्या गाळ्यात मुलामा देण्याचं काम चालायचं की छपाई, हे सांगत नाही. ते ठाऊक असतं समोरच्या पानवाल्याला आणि पहिल्या पिढीतल्या भाडेकरूंना. पाडकाम सुरू होण्याआधी त्यांना गाठून विचारलं पाहिजे, लिहून घेतलं पाहिजे. पागडीचा हिशोब मिटवायला आपण याच माणसांना महिनोन्‌महिने भेटत असतो, तेव्हा हे दोन प्रश्न विचारणं अजिबात जड नाही.

भाच्यासाठी दोन गोष्टी. फेज वनमध्ये नमुने घेत नाहीत, आणि ॲस्बेस्टॉस व शिशाचा रंग तिच्या कक्षेतच येत नाहीत. तो आतून तोडफोड करणार, म्हणजे त्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी कायद्यानेच लागते. तिचं काम वेगळं सांगावं आणि छताचं, पाइपांवरच्या वेष्टणाचं, फरशीच्या टाइल्सचं नाव घेऊन सांगावं. दुसरं, अहवालातल्या मुलाखती, जागेची पाहणी आणि सरकारी नोंदींचा शोध १८० दिवसांनी शिळा होतो. सौदा लांबला तर ते सगळं पुन्हा करावं लागतं, तेव्हा तारखा आधीच जुळवून घ्याव्यात.

आणि त्याच्या पत्त्यावर कुठल्याही साली ड्रायक्लीनर निघाला, तर फरशीला भोक पाडावंच लागेल. ते पुढच्या आठवड्यात.