मीटर, कान आणि जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. हा नाद मला लागला लॅमिंग्टन रोडवर. पगार झाला की ग्रँट रोडला उतरायचं, जुने व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर धुंडाळायचे आणि अंधेरीला घरी येऊन रात्री सोल्डरिंग करत बसायचं. पण आज मी बोलणार आहे ते या नादात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

माझी थोरली बहीण गायची. नावाजलेली गायिका नव्हे, घरगुती बैठकीत गाणारी. तिच्या गाण्याच्या आठ स्पूल टेप आमच्याकडे होत्या. २००३ साली मी त्या संगणकावर उतरवल्या. टेपरेकॉर्डर थेट संगणकाला जोडता आला असता. पण मध्ये मी माझा लाडका अँप्लिफायर घातला. जुन्या रेडिओग्राममधला, एकाच ईएल८४ व्हॉल्व्हचा, मी स्वतः फेरफार केलेला. आवाज घेतला तो स्पीकरच्या टोकांवरून. का? तर त्यातून ताईचा गळा अधिक भरलेला, अधिक गोड वाटायचा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि टेप गेल्या. ताईही आता नाही. उरलाय तो ताईचा आवाज, पण माझ्या आवडीच्या रंगात बुडवून काढलेला. तो रंग आता वेगळा काढता येत नाही.

म्हणून प्रश्न असा, की मीटरचं ऐकायचं की कानाचं? माझं उत्तर असं आहे की हा एक प्रश्नच नाही, हे तीन प्रश्न आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. अँप्लिफायर सुरक्षित आहे का? आत येतं तेच तो बाहेर देतो का? आणि, तो मला आवडतो का?

पहिल्या प्रश्नात कानाला मतच नाही. या यंत्रांत ३०० व्होल्टच्या आसपास वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहते. मीटर लावून ती उतरल्याची खात्री केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. दुसरी गोष्ट, जुने कागदी कंडेन्सर. त्यांचं काम एका व्हॉल्व्हची डीसी वीज पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत जाऊ न देणं. म्हातारपणी ते गळतात. गळती फक्त ५ मायक्रोअँपिअर धरा. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलो-ओहमचा असेल तर ग्रिडवर सव्वादोन व्होल्टच्या वर जमतात. व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर तापतो, आणि शेवटी जळतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जो मूळचा तसाच आज सहज मिळत नाही. गंमत अशी की गळती सुरू असतानाही गाणं ठीकच वाजत असतं. कान ‘छान’ म्हणतो आणि मीटर ‘थांब’ म्हणतो.

तसंच घरातल्या विजेचं. यंत्र २२० व्होल्टवर लावलेलं आणि घरात येतात २४०. मग हीटरचे ६.३ व्होल्ट जवळजवळ ६.९ होतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या सवलतीच्या अगदी काठावर. ट्रान्सफॉर्मरला २४० ची जोडणी असेल तर ती आधी करून घ्या, बाकीचं नंतर.

आता दुसरा प्रश्न, जसंच्या तसं देण्याचा. याच्या तुटीला आपण ‘विकृती’ म्हणतो, आणि शब्दानंच निकाल देऊन टाकतो. पण आपल्या संगीतात कोमल आणि तीव्र स्वरांनाही ‘विकृत’च म्हणतात. तिथे अर्थ फक्त ‘मूळ जागेवरून हललेला’ असा आहे, वाईट असा नाही. इथेही तसंच ऐकू या. आत २०० हर्ट्‌झचा शुद्ध सा दिला. एकट्या व्हॉल्व्हचं यंत्र त्यात थोडा ४०० मिसळतं, तो तार सा. थोडा ६०० मिसळतं, तो तार पंचम. हे सगळे सुराचे सगेसोयरे, म्हणून गोड वाटतं. सातवा, १४०० चा, मात्र कोमल निषादाच्याही जरा खाली पडतो आणि खटकतो. म्हणून ‘एकूण विकृती ३ टक्के’ हा आकडा अपुरा आहे. कुठल्या स्वरांची ३ टक्के, हे विचारायला हवं, आणि मीटर तेही सांगू शकतो. मोजमापाविषयीची आपली तक्रार बरेचदा चुकीचा आकडा वाचल्याची असते.

मी काय केलं होतं? फीडबॅकची तार काढली होती. फीडबॅक म्हणजे बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत देणं, म्हणजे यंत्र स्वतःची चूक काही अंशी स्वतःच सुधारतं. १९४७ साली विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये छापलेला गाजलेला अँप्लिफायर याच तत्त्वावर विकृती ०.१ टक्क्याच्या खाली आणायचा. ती तार काढली की तीन गोष्टी होतात. उपस्वर वाढतात. स्पीकरवरचा ताबा सुटतो आणि खालचे सूर फुगतात. आणि आवाज मोठा होतो.

ही तिसरी गोष्ट फसवी. दोन सारख्या आवाजांतला किंचित मोठा असलेला कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. त्यामुळे आवडीलाही शिस्त लागते. स्पीकरच्या टोकांवर मीटर लावून दोन्ही बाजू १ टक्क्याच्या आत सारख्या करायच्या, स्विच दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण पाठ करून बसायचं. टेप गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी हे केलं. स्विच नातवाकडे. महागडा कंडेन्सर आणि साधा कंडेन्सर, १६ पैकी ७ वेळा मी बरोबर. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तो कंडेन्सर घातल्यावर ‘पडदा दूर झाला’ असं मी मित्रांना सांगत असे! फीडबॅकची तार असलेला आणि नसलेला अँप्लिफायर मात्र १६ पैकी १४ वेळा ओळखला. नुसत्या अंदाजानं १२ किंवा जास्त बरोबर येणं शंभरात चारेक वेळाच घडतं, तेव्हा हा फरक खरा होता. आणि आवड? एकटा गळा आणि तानपुरा असेल तर तार काढलेला आवडला. ऑर्गन, व्हायोलिन, तबला सगळं असलेलं नाट्यगीत लावलं की तोच गढूळ वाटला. अनेक सूर एकत्र आले की यंत्र त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे, कुणीही न गायलेले सूर तयार करतं.

ह्यूमच्या १७५७ च्या रुचीवरील निबंधात डॉन किहोटेतली एक गोष्ट येते. दोघे जण वाइन चाखतात. वाइन चांगली आहे, पण एकाला तिच्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. मला या गोष्टीत दोन्ही पक्षांचा मान दिसतो. जीभ आधी ओळखते, किल्ली नंतर सापडते. पण किल्ली सापडेपर्यंत जिभेनं नम्र राहावं. आणि किल्ली सापडली तरी वाइन चांगली की वाईट, हे किल्ली सांगत नाही.

कोणी म्हणेल, मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी कानानंच लावतात ना? खरंय. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी दाखवलं की तार जिथे छेडली तिथे ज्यांची गाठ पडते, ते उपस्वर नियमानं उमटू नयेत, पण तानपुऱ्यात ते उमटतात. घोडीची करामत. जवारी म्हणजे मुद्दाम वाढवलेले उपस्वरच. पण ती तानपुऱ्याची आहे, त्या वाद्याची आणि त्या कारागिराची निवड. माझा अँप्लिफायर येईल त्याला आपलीच जवारी लावत होता. ज्या तानपुऱ्याला जवारी होती त्यालाही, आणि जिनं मागितली नव्हती त्या ताईच्या गळ्यालाही.

आपल्या खोलीत, आपल्यासाठी, आवडेल तसा अँप्लिफायर करा. फीडबॅकची तार काढा, पण तिथे स्विच बसवा, म्हणजे परत फिरता येईल. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. आणि जे दुसऱ्याच्या हाती जाणार आहे, विशेषतः कुणाचा आवाज, ते मीटरला विचारून, जमेल तितकं सरळ उतरवा. रंग नंतर कधीही चढवता येतो.

नातीनं परवा ताईची ती फाइल ऐकली आणि म्हणाली, “आजोबा, आजीचा आवाज किती जाड होता!” नव्हता हो. पण तिला दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.