लक्ष्या अजून का हसवतो?

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन १६ डिसेंबर २००४ रोजी झाले. त्यानंतर जन्मलेली आपली मुले आता गल्ल्यावर बसू लागली आहेत. तरी त्यांच्या तोंडी नाव येते ते एकेरी 'लक्ष्या' असेच, जणू शेजारच्या आळीतला कुणी. कर्जत असो, चौक असो वा खोपोली, ज्या घरांत आपसात मारवाडी किंवा गुजराती बोलली जाते तेथेही, चौविहार आणि दुकानाचा हिशेब आटोपून मंडळी टीव्हीसमोर बसली आणि 'अशी ही बनवाबनवी' लागला, की वाहिनी बदलण्याचे धाडस कुणी करीत नाही. चित्रपट १९८८ चा!

हे कोडेच आहे. खरे बोलायचे तर त्यांचे बरेच चित्रपट कथेच्या दृष्टीने बेताचे. वेशांतर, गैरसमज, पळापळ. खुद्द 'बनवाबनवी'चे मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मध्ये आहे, आणि तो हिंदी चित्रपट आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही. माल तोच, मग गिऱ्हाईक इकडेच का? वसंत सबनीसांचे संवाद हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर भाड्याच्या खोलीचे. चौघे तरुण, पुण्यात बिऱ्हाड मिळेना, म्हणून दोघांना लुगडे नेसावे लागते. मुंबईत घर परवडेना म्हणून ज्यांनी नेरळ-कर्जत गाठले आणि रोज लोकलचे दोन-दोन तास सोसले, त्यांना ही ओढाताण निराळी समजावून सांगावी लागत नाही.

तथापि खरे मर्म लक्ष्मीकांतच्या घाबरण्यात असावे. तो पडद्यावर शहाणा ठरत नाही. सापडतो, गडबडतो, आणि हसू स्वतःवर ओढवून घेतो. 'झपाटलेला' (१९९३) पाहावा. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पण तो लाकडाचा तुकडा जिवंत वाटतो तो समोरच्या लक्ष्याच्या डोळ्यांतील भीतीमुळे. आजीला आणि नातवाला एकाच वेळी हसू येते ते येथे. पुढे मराठी वाहिन्या आल्या, त्यांना रोज चित्रपट हवे होते, आणि हा साठा तयारच होता.

या लोकप्रियतेची किंमत मात्र त्यांनीच मोजली. १९९२ मध्ये जब्बार पटेल यांनी 'एक होता विदूषक' काढला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गीते ना. धों. महानोरांची. तमाशातल्या सोंगाड्याची ही करुण कथा, नायक लक्ष्मीकांत. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जाणकारांनी वाखाणला, पण प्रेक्षक फिरकला नाही. आपल्या धंद्यात हे नवे नाही. ज्या पेढीची ख्याती फरसाणाची, तिने उत्तम केशर ठेवले तरी लोक फरसाणच बांधून मागतात. दोष केशराचा नसतो.

दोन वर्षांनी 'हम आपके हैं कौन' आला. त्यात ते लल्लू झाले, घरातला नोकर. देशभर ओळखले गेले, पुन्हा हसवण्यासाठीच. पन्नाशी गाठून काही आठवडे झाले तोच गेले. आबुराव या त्या विदूषकाची भूमिका ज्यांनी अद्याप पाहिलेली नाही, त्यांनी एखाद्या रविवारी मुलांना सोबत घेऊन ती अवश्य पाहावी. पहिली काही मिनिटे मुले सवयीने हसतील.